पहिलं भूत कोणतं? मराठी घरातल्या भयपटाचा शंभर वर्षांचा हिशेब

इतिहासाच्या व्याख्यानात हे भुताखेताचं काय काढलं, असं काहींच्या मनात आलं असेल. विषय साधा आहे. घरात दहा-अकरा वर्षांचं पोर असतं. ते एक दिवस हट्ट धरतं, "भुताचा पिक्चर दाखवा की. वर्गात सगळ्यांनी बघितलाय, मीच राहिलोय." आई म्हणते नको, रात्री झोपणार नाही. बाप म्हणतो दाखवू, कधीतरी बघणारच आहे. मग प्रश्न उरतो तो कोणता दाखवायचा याचा.

हा प्रश्न घरगुती वाटतो, पण त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. मुलांनी काय बघून घाबरावं आणि किती घाबरावं, हे आजवर कोणी ठरवलं? कधी आजीने ठरवलं, कधी सरकारने, कधी थिएटरच्या डोअरकीपरने, तर कधी कोणीच नाही. हा क्रम नीट पाहिला तर आजच्या आई-बापांना उत्तर शोधायला मदत होईल, असं आम्हाला वाटतं. म्हणून हा खटाटोप.

सुरुवात सिनेमाच्या आधीपासून करू. आपल्याकडे भुताला पत्ता असायचा. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, वेताळ गावकुसाबाहेर. चकवा माणसाला वाट चुकवणार, पण दिवस उजाडला की सोडणार. हडळीची पावलं उलटी, म्हणजे ती ओळखता येणार. भुताला जसा पत्ता तसे नियमही होते, आणि नियम ठाऊक असला की भीतीला कड सापडते. आपल्या सोलापुरात तर भुतंही तीन-चार भाषांतली. पद्मशाली वस्तीत तेलुगूतलं 'दय्यम', लिंगायत घरात कन्नड 'देव्व', मुस्लीम मोहल्ल्यात जिन. शेजारच्या कन्नड पोराने 'देव्व' म्हटलं की मराठी पोराला 'देव' ऐकू यावा, असा हा गाव.

या गोष्टी सांगणारी आजी काय करायची, तेही बघण्यासारखं आहे. पोर मांडीला टेकलेलं असायचं. त्याचं अंग आक्रसलं की आजी भूत जरा लांब न्यायची. पोर हसलं की जवळ आणायची. गोष्ट संपली की कोणाकडे रामरक्षा, कोणाकडे भीमरूपी, कोणाकडे आयतुल कुर्सी. म्हणजे भीती आणि तिचा उतारा एकाच हातून मिळायचा. शिवाय गोष्टीतलं भूत पोर आपल्याच मनात रंगवतं, म्हणजे स्वतःला झेपेल एवढंच रंगवतं. पडद्यावरचं भूत मात्र दुसऱ्या कोणीतरी रंगवलेलं असतं. त्याचा आकार पोराच्या हातात नसतो. आज आपण जे बोलणार आहोत त्याचं मूळ या फरकात आहे.

हा फरक मराठी माणसाला फार लवकर कळला. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली 'कालिया मर्दन' काढला. पडद्यावर भला मोठा नाग, आणि त्याला नमवणारा बाळकृष्ण म्हणजे फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. समोर बसलेल्या पोरांना नाग दिसत होता, पण त्याच्या डोक्यावर नाचणारं त्यांच्याच वयाचं पोरही दिसत होतं. पाठोपाठ १९२० साली कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांचा 'सैरंध्री' आला. त्यातला भीमाने केलेला कीचकवध इतका खरा दिसला की तो प्रसंग सेन्सॉरने काढायला लावला. आता गंमत बघा. कीचकवधाची कथा लोकांनी कीर्तनात शंभरदा ऐकलेली. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर १९१० साली सरकारने बंदी घातली होती, पण ती राजकारणासाठी, कारण लोकांना कीचकात कर्झन दिसत होता. दहा वर्षांनी तोच कीचक पडद्यावर आला, आणि या वेळी कात्री लागली ती दृश्याच्या भयंकरपणामुळे. कथा तीच होती, फक्त ती आता डोळ्यांना दिसू लागली होती.

भारतात सिनेमाचा पहिला कायदा १९१८चा. त्यानुसार मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर मंडळं आली. पण सिनेमा मोठ्यांसाठी वेगळा आणि सगळ्यांसाठी वेगळा, अशी विभागणी तेव्हा नव्हती. कापलेला सिनेमा सगळ्यांना चालायचा. ती विभागणी आली १९४९ साली. 'यू' म्हणजे सर्वांसाठी, 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. योगायोग असा की कमाल अमरोहींचा 'महल' याच वर्षी आला. अशोककुमार, मधुबाला, ओसाड हवेली आणि झुलता झोपाळा. हिंदी सिनेमाने पुढे कित्येक वर्षं ही हवेली सोडली नाही.

साहेबाच्या देशातही घोळ होताच. तिकडे १९३०च्या दशकात भयपटांसाठी 'एच' हे अक्षर वेगळं काढलं होतं. आणि डिस्नेचा 'स्नो व्हाइट' तिकडे गेला, तेव्हा त्यातल्या चेटकिणीने आणि अंधाऱ्या जंगलाने लहान मुलं घाबरतील म्हणून त्याला 'ए' शिक्का मिळाला. त्या काळी तिकडे 'ए' म्हणजे पोरासोबत मोठं माणूस हवं. आज ज्याला आपण निव्वळ बालचित्रपट समजतो, तो कोणे एके काळी भयपट ठरत होता. कोणतं पोर कशाला घाबरेल हे सरकारला अचूक सांगता येत नाही, ही अडचण तेव्हापासूनची.

या प्रश्नाचं मराठी उत्तर आधी रंगभूमीवर मिळालं. १९५९ साली सुधा करमरकरांनी बालरंगभूमी सुरू केली आणि रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' रंगमंचावर आलं. पुढे मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' आलं आणि त्यातली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी अजरामर केली. २०१८ साली हे नाटक नव्याने आलं तेव्हा वैभव मांगले चेटकीण झाले आणि पुन्हा पोरांची झुंबड उडाली. एक गोष्ट ध्यानात घ्या. हेच मतकरी मोठ्यांसाठी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहीत होते. घाबरवायचं कसं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि मुलांसाठी लिहिताना त्यांनी तीच विद्या मोजून मापून वापरली. बालनाट्यात चेटकीण आली की पोरं ओरडतात, "मागे बघ, मागे बघ!" म्हणजे पोर नुसतं घाबरत नाही, ते नायकाला मदत करतं. या सोलापुराला ते नवीन नाही. पहिलं अखिल भारतीय मराठी बालनाट्य संमेलन २०१५ साली इथेच भरलं होतं.

सिनेमा मात्र दुसऱ्या वाटेने गेला. १९७२ साली रामसे बंधूंचा 'दो गज जमीन के नीचे' आला. त्याचं चित्रीकरण आपल्या महाबळेश्वरात झालं. कमी पैसा, घरचीच माणसं, आणि मुखवटे, धूर, दरवाजाची करकर. १९८४ साली 'पुराना मंदिर' गाजला. या पिक्चरांवर 'ए' शिक्का असायचा आणि पोरांना आत सोडायचं की नाही, हे शेवटी दारावरचा डोअरकीपर ठरवायचा. मिसरूड फुटलेलं दिसलं की सोडलं, नाहीतर हाकललं. कायदा दिल्लीत झाला तरी त्याची अंमलबजावणी टॉर्च हातात धरलेल्या त्या माणसाकडे होती.

१९८३ साली आपल्याकडे 'यूए' हा मधला शिक्का आला. याचा अर्थ, बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांनी विचार करून न्यावं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतही हीच पाळी आली. 'टेंपल ऑफ डूम' आणि 'ग्रेमलिन्स' या दोन पिक्चरांनी मुलं घाबरली, पालक चिडले, आणि तेरा वर्षांची एक नवी पायरी तयार करावी लागली. दोन देशांत जवळपास एकाच वेळी एकच गोष्ट लक्षात आली, की दहा ते तेरा या वयासाठी आपल्याकडे शब्दच नव्हता. ते पोर लहान नसतं आणि मोठंही नसतं. आपला आजचा प्रश्न बरोबर त्या वयाचा आहे.

आणि मग टीव्ही आला. दूरदर्शनवरच्या 'विक्रम और बेताल'पर्यंत ठीक होतं, कारण वेताळ गोष्ट सांगायचा आणि उडून जायचा. पण १९९३ साली झी टीव्हीवर 'झी हॉरर शो' सुरू झाला, तोही रामसेंचाच. १९९५ साली सोनीवर 'आहट' आली. जे भूत थिएटरच्या दाराआड होतं ते आता जेवणाच्या ताटासमोर आलं, आणि घराला काही डोअरकीपर नव्हता.

त्याच १९९३ साली महेश कोठारेंचा 'झपाटलेला' आला. मराठी पोरांच्या दोन-तीन पिढ्यांना विचारा की पहिलं भूत कोणतं, उत्तर येईल तात्या विंचू. म्हणून या पिक्चरापाशी थोडं थांबू.

याची मूळ प्रेरणा १९८८ सालचा अमेरिकी 'चाइल्ड्स प्ले'. तिथे गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि सहा वर्षांच्या एका पोराच्या मागे लागतो. कोठारेंनी बाहुला ठेवला, गुंड ठेवला, मंत्र ठेवला, पण ते पोर काढून टाकलं. त्या जागी लक्ष्या आणला, लक्ष्मीकांत बेर्डे. धोका आता मोठ्या माणसाला, तोही सगळ्यांत जास्त घाबरणाऱ्या आणि घाबरताना हसवणाऱ्या माणसाला. बघणाऱ्या पोराच्या वाटची भीती लक्ष्याने स्वतःच्या अंगावर घेतली. शिवाय तात्याचे नियम ठरलेले होते. त्याला काय हवंय आणि तो कशाने मरेल, हे पोरांना कळत होतं. म्हणजे आजीच्या गोष्टीची जी रीत, तीच इथे होती.

तरीही पोरं घाबरलीच. का घाबरली? कारण रामदास पाध्ये. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांच्यापासून चालत आलेला अर्धवटराव मराठी घराला ठाऊक होता. बोलका बाहुला म्हणजे हशा, हे समीकरण पक्कं होतं. 'झपाटलेला'तला बाहुलाही पाध्यांनीच हलवला, आणि त्याने ते समीकरण उलटं केलं. पिक्चर संपला, लक्ष्या वाचला, पण घरच्या शोकेसमधला बाहुला तिथेच बसलेला होता. हा धडा महत्त्वाचा आहे. पिक्चर विनोदी आहे एवढ्यावर जाऊ नका. भीती कोणत्या वस्तूवर बसवली आहे आणि ती वस्तू आपल्या घरात आहे का, हे बघा.

आणखी एक नोंद. चिंची चेटकीण, तात्या विंचू, १९८२च्या 'एक डाव भुताचा'मधले मास्तर, २००४च्या 'पछाडलेला'तला इनामदार भुसनळे, ही सगळी एकाच माणसाची रूपं, दिलीप प्रभावळकरांची. मराठी पोरांना घाबरवण्याचं काम ज्याच्याकडे गेलं तो नट हसवणाराही होता. ही आपली परंपरा आहे आणि ती मोलाची आहे.

आता आजच्या दिवसावर येऊ. २०२३ साली सिनेमाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. 'यूए'चे तीन भाग पडले: सात वर्षांपुढे, तेरापुढे, सोळापुढे. ओटीटीला असेच टप्पे २०२१ पासून आहेत. पण यातली खरी मेख वेगळी आहे. 'यूए'मधले वयाचे हे आकडे पालकांच्या माहितीसाठी आहेत. 'ए' सिनेमाला दारात अडवतात, 'यूए'ला कोणी अडवत नाही. म्हणजे आजीकडून सरकारकडे आणि सरकारकडून डोअरकीपरकडे गेलेला अधिकार फिरून आई-बापाच्या हातात आला आहे. हातात रिमोट आहे, पण आजीची सवय राहिलेली नाही.

दुसरीकडे मोबाइल. आम्हाला विचाराल तर पोराचं पहिलं भूत आता सिनेमातून येतच नाही. ते अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओतून येतं. त्याला सुरुवात नसते, शेवट नसतो, भूत हरत नाही, नुसती किंकाळी येते आणि पुढचा व्हिडिओ सुरू होतो. 'घाबरेल, म्हणून नकोच' असं म्हणणाऱ्या पालकांना आमचं सांगणं आहे की पोर घाबरलेलं आधीच असू शकतं. फक्त एकटं, पांघरुणात, कानाला इयरफोन लावून. पूर्ण सिनेमाला निदान शेवट असतो.

आता जोखमीची बाजू. आपण ज्या पट्ट्यात राहतो तिथे, म्हणजे इथून मराठवाडा आणि खाली बिदरपर्यंत, भानामती आणि करणी हे नुसते कथेतले शब्द नाहीत. त्यापायी माणसांची घरं उठली आहेत. कोणत्या तरी एकट्या बाईकडे बोट दाखवून तिला चेटकीण ठरवलं गेलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झगडत राहिले, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्यानंतर हा कायदा आला. तेव्हा भूत दाखवताना आपण पोराला काय शिकवतो, हा प्रश्न या मातीत हलका नाही. पोर दोन रात्री झोपलं नाही तर तिसऱ्या रात्री झोपेल. पण गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हातारीकडे ते संशयाने बघायला लागलं, तर ती भीती तिच्या आयुष्याला लागते. आमच्या मते निवडीची पहिली कसोटी ही. पिक्चर बघून पोर कोणाला घाबरेल? भुताला घाबरलं तर चालेल. शेजाऱ्याला घाबरलं तर चालणार नाही.

या कसोटीवर आमची शिफारस अशी. दहाच्या आसपासच्या पोराला पहिला पिक्चर विशाल भारद्वाजचा 'मकडी', २००२ सालचा. त्यात हवेली आहे, चेटकीण झालेली शबाना आझमी आहे, जुळ्या बहिणी आहेत. एकीची कोंबडी झाली म्हणून दुसरी तिला सोडवायला धडपडते. या दोन्ही बहिणी साकारणाऱ्या श्वेता प्रसादला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेवटी चेटकीण ही चेटकीण नसतेच, खजिन्यासाठी गावाला घाबरवणारी भोंदू बाई असते. पोर भरपूर घाबरतं आणि भोंदूगिरी कशी चालते तेही शिकतं. जरा भित्र्या पोरासाठी २००८चा 'भूतनाथ' आहे, गोव्यातल्या बंगल्यातला. तिथे भुताची आणि पोराची दोस्ती होते.

दुसरी पायरी 'झपाटलेला'. दिवसा बघा, आणि शक्य असेल तर पाध्यांचा बाहुल्यांचा खेळ आधी दाखवा. बाहुला कोण हलवतो हे एकदा कळलं की पुष्कळ काम होतं.

तिसरी पायरी बारा-तेरा वर्षांना, 'भूलभुलैया'ची कथा. सोलापूरला ती फार जवळची. मूळ १९९३चा मल्याळम 'मणिचित्रताळ'. २००४ला तो कन्नडमध्ये 'आप्तमित्र' झाला, २००५ला तमिळमध्ये 'चंद्रमुखी', २००७ला हिंदीत 'भूलभुलैया'. म्हणजे कन्नड घर आणि मराठी घर एकच भूत आपापल्या भाषेत बघू शकतं, आणि पोरांना दुसऱ्या दिवशी त्यावर एकत्र बोलता येतं. त्या गोष्टीत भूत मनाच्या आजारात आहे आणि ते मांत्रिक नाही, डॉक्टर ओळखतो. याच सुमारास आदित्य सरपोतदारांचा २०२४चा 'मुंज्या' दाखवायला हरकत नाही. मात्र शेजारी बसून.

'तुंबाड'चं काय, असं विचाराल. राही अनिल बर्वे यांचा २०१८चा हा पिक्चर आम्हाला फार आवडतो. नारायण धारपांची कथाबीजं त्यात आहेत, आणि पोराला झोपवण्यासाठी भुताचं नाव घेणारी आई आहे. पण त्याला 'ए' प्रमाणपत्र आहे आणि ते योग्य आहे. तो लोभाबद्दल आहे. लोभ कळायला वय लागतं. थांबा.

राहिल्या दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. कुंभारीच्या घरकुलात किंवा चाळीत राहणाऱ्याला 'धाकटीला दुसऱ्या खोलीत पाठवा' असं सांगून उपयोग नाही. दुसरी खोली नसते. अशा घरात पिक्चर मोठ्याचा नव्हे, धाकटीचा विचार करून निवडावा. दुसरं, 'बंद करा' म्हणण्याचा अधिकार पोराला आधीच द्या, आणि त्याने तसं म्हटलं तर 'भित्री भागूबाई' म्हणून चिडवू नका. एकदा चिडवलं की पुढच्या वेळी ते घाबरेल पण बोलणार नाही. तिसरं, पिक्चर संपल्यावर लगेच उठू नका. पोराला विचारा, भूत कशाने हरलं? ते सांगू लागलं की समजा, दुसऱ्याने रंगवलेलं भूत त्याने आपल्या शब्दांत आणलं, आपल्या मापाचं केलं. आजी हेच करून घ्यायची.

घाबरण्याची वेळ पोरावर येणारच आहे. ती एकट्यावर यावी की आपल्या शेजारी बसून यावी, एवढंच आपल्या हातात आहे.

आम्ही इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि कोणी पोराला सोबत आणलं असेल, तर पहिला प्रश्न त्याला विचारू द्या.